सपाट उजेडाचा आरोपी कोण?

दोन चित्रं शेजारीशेजारी लावलेली असतात. डावीकडे मराठी मालिकेतलं स्वयंपाकघर. सासूबाईंची नथ, सुनेच्या साडीचे काठ, मागच्या फळीवरची हळदीची बरणी, सगळं सारखंच लख्ख. सावली औषधालाही नाही. उजवीकडे कुठल्याशा वेब सीरिजमधली चौकट. खिडकीतून आलेला उन्हाचा तिरपा पट्टा, त्यात अर्धा चेहरा, उरलेला काळोखात. वर एवढंच लिहिलेलं, 'फरक ओळखा'. वर्षातून एकदोनदा हे चित्र फोनवरून फिरत माझ्यापर्यंत येतं आणि त्याच्यामागून ठरलेला वादही येतो. एक पक्ष म्हणतो, मालिकांच्या कॅमेरामनला प्रकाशातलं ओ की ठो कळत नाही, लग्नाचे व्हिडिओ काढणारी माणसं ती. दुसरा पक्ष हिरिरीने विचारतो, घराघरांतल्या बायकांना जे आवडतं त्याला नाकं मुरडणारे तुम्ही कोण? भांडण कडाक्याचं होतं, पण एका गोष्टीवर दोघांचं बिनबोभाट एकमत असतं. तो उजेड कॅमेरामनने आपल्या अकलेने, आपल्या मर्जीने निवडला, असं दोघंही धरून चालतात. आणि नेमकं तेच खोटं आहे.

माझं म्हणणं असं की, मालिकेतला सपाट उजेड हे एका प्रश्नाचं उत्तर आहे. तो प्रश्न निर्माता, वाहिनी आणि घड्याळ हे तिघे मिळून विचारतात, कॅमेरामन फक्त पेपर सोडवतो. उत्तर आवडत नसेल तर आधी प्रश्नपत्रिका कुणी काढली ते बघावं लागेल. मी स्वतः चार वर्षं मालिकांच्या सेटवर कॅमेरा विभागात सहायक होतो, तेव्हा मी पक्षपाती आहे हे आधीच कबूल करून टाकतो. म्हणूनच साक्षीदार गोरेगावातला आणत नाही. तो बर्लिनचा आहे, आणि त्याच्यावर 'प्रकाशातलं कळत नाही' असा आरोप करायची छाती कुणाचीच होणार नाही.

कार्ल फ्रॉइंड. जन्म 1890, बोहेमियात, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात. लहानपणीच घरच्यांबरोबर बर्लिनला आला, पंधराव्या वर्षी सिनेमाचं प्रोजेक्टर चालवायला लागला आणि विशी गाठायच्या आत कॅमेऱ्यामागे उभा राहिला. 1924 मध्ये दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'द लास्ट लाफ'साठी त्याने तिकाटण्यावर खिळलेला कॅमेरा उचलून स्वतःच्या छातीला बांधला आणि झिंगलेल्या माणसासारखा झोकांड्या देत चालला. दारुड्याला जग कसं फिरताना दिसतं ते तोवर कॅमेऱ्याने असं कधी दाखवलं नव्हतं. त्याच सिनेमात कॅमेरा लिफ्टमधून खाली उतरतो आणि तसाच हॉटेलच्या दालनातून पुढे जातो. तो चालवला होता सायकलवरून. पुढे फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' आला, 1927 चा. 1929 मध्ये फ्रॉइंड अमेरिकेत गेला. 1931 चा 'ड्रॅक्युला' त्याने टिपला, 1932 चा 'द ममी' स्वतः दिग्दर्शित केला आणि 'द गुड अर्थ'च्या छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळवलं. आज जगभरच्या फिल्म शाळांमध्ये सावलीचा धडा शिकवताना ज्या जर्मन सिनेमांची उदाहरणं देतात, त्यांतले कितीतरी या जाडजूड माणसाच्या डोळ्यांतून आलेले आहेत.

आणि 1951 मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, याच माणसाने टीव्हीवरचा सपाट उजेड घडवला.

गोष्ट अशी झाली. ल्युसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांची 'आय लव्ह ल्युसी' ही विनोदी मालिका सीबीएस या अमेरिकी वाहिनीवर सुरू व्हायची होती. त्या काळी असले कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित व्हायचे. ज्या शहरांना थेट दिसत नसे, त्यांच्यासाठी टीव्हीच्या पडद्यावरचं चित्र समोर कॅमेरा ठेवून फिल्मवर उतरवून पाठवत. ती प्रत दिसायला म्हणजे धुक्यातली दिंडी. बॉल-आर्नाझना हॉलिवूड सोडायचं नव्हतं. त्यांनी प्रस्ताव ठेवला की मालिका 35 मिलिमीटरच्या फिल्मवरच चित्रित करू. खर्च वाढणार होता, त्यापायी त्यांनी स्वतःचं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात भागांची मालकी मागून घेतली. शिवाय बाईंचा विनोद समोर माणसं बसलेली असली की खुलायचा, म्हणून सेटसमोर प्रेक्षकही हवेत. आता पेच बघा. प्रेक्षक बसलेत म्हणजे प्रसंग नाटकासारखा सलग व्हायला हवा, दर शॉटला थांबून दिवे हलवता येणार नाहीत. म्हणजे तीन कॅमेरे एकाच वेळी चालणार, एक लांबून, दोन जवळून, आणि तिन्हींना तोच उजेड पुरला पाहिजे. फ्रॉइंडने सुरुवातीला, कुठलाही शहाणा छायाचित्रकार सांगेल तेच सांगितलं. लांबच्या शॉटचा प्रकाश वेगळा, जवळच्याचा वेगळा, एका लाइटिंगमध्ये दोन्ही धड होत नाहीत.

मग त्याने ते करून दाखवलं. दिवे जमिनीवरून उचलून वर टांगले, म्हणजे खाली कॅमेऱ्यांच्या गाड्यांना वाट मोकळी आणि स्टँडची सावलीही नाही. उजेड सगळीकडे सारखा पसरवला. त्यातली खरी गंमत पुढेच आहे. तेव्हाच्या टीव्हीवर फिल्म दाखवली की काळं जास्त काळं आणि पांढरं जास्त पांढरं व्हायचं. म्हणून फ्रॉइंडने सेटच्या भिंती करड्या रंगाच्या वेगवेगळ्या छटांत रंगवून घेतल्या. थोडक्यात, दिव्यांतून काढलेली सावली त्याने रंगाऱ्याच्या डब्यात घातली. बाजूला ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट म्हणजे याच माणसाची प्रकाश मोजायची उपकरणं बनवणारी स्वतःची कंपनी होती आणि तिच्या मीटरसाठी ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला तांत्रिक पुरस्कारही दिला. उजेड किती आणि कुठे, हे मोजण्यात ज्याची हयात गेली, त्याने 'सगळीकडे सारखा' हे उत्तर काढलं. ते अज्ञानातून निघालं होतं असं कोण म्हणेल? त्या वेळचे कितीतरी थेट कार्यक्रम आज एकतर नाहीत किंवा त्या धुकट प्रतींमध्ये उरलेत. 'ल्युसी' मात्र अजून स्वच्छ दिसते, पुन्हापुन्हा दाखवली जाते. टीव्हीवर 'पुनःप्रक्षेपण' नावाचा जो धंदा उभा राहिला, त्याच्या पायात या सपाट उजेडाची एक वीट आहे.

आपल्याकडेही हे काही नवीन नाही. कोकणात देवळाच्या आवारात पेट्रोमॅक्सच्या उजेडात दशावतार व्हायचा, तेव्हा संकासुराच्या आणि राजाच्या तोंडावरचा रंग भडकच असायचा. मागच्या रांगेतल्या आजोबांना डोळे दिसले पाहिजेत, भुवई उडाली तर ती कळली पाहिजे, म्हणून तो रंग. तो भडकपणा आजच्या प्रकाशात फोटो काढून 'फरक ओळखा' म्हणून लावला तर हसणारा स्वतःचंच हसं करून घेईल. मग टीव्हीच्याच वाट्याला ही घाई का?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. 1951 चा पडदा टीचभर होता, चित्र काळंपांढरं होतं, काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा त्याला झेपत नव्हत्या. आज भिंतीएवढे पडदे आहेत, कॅमेऱ्यांना मेणबत्तीच्या उजेडातही दिसतं. मग फ्रॉइंडचं औषध अजून का पाजताय? रोगी तर केव्हाच बरा झाला. मुद्दा रास्त आहे, आणि पडद्यापुरता मी तो पूर्ण मान्य करतो. तांत्रिक कारण संपलंय. पण फ्रॉइंडसमोर दोन कारणं होती, एक पडद्याचं आणि दुसरं वेळेचं. पहिलं गेलं. दुसरं आपल्याकडे गेलं तर नाहीच, उलट राक्षसासारखं वाढलं.

हिशेब करू. अर्ध्या तासाच्या मालिकेचा भाग जाहिराती वगळून 20-22 मिनिटांचा. आठवड्याला सहा भाग, म्हणजे दोन तासांच्या वर. दर आठवड्याला एक सिनेमा. साधारण मराठी सिनेमा 40 दिवसांत चित्रित झाला असं धरलं, तर दिवसाला पडद्यावरची तीन मिनिटं तयार होतात. मालिकेला दिवसाला वीस हवीत. बारा तासांच्या शिफ्टमधून जेवण, मेकअप, साड्या बदलणं, वाहिनीचे फोन आणि 'संवाद अजून यायचेत' यांचे दोन तास काढा. उरली 600 मिनिटं. सिनेमाच्या कॅमेरामनला पडद्यावरच्या एका मिनिटासाठी 200 मिनिटं मिळाली आणि मालिकेच्या कॅमेरामनला 30. या तिसात हालचाली ठरवायच्या, तालीम करायची, मास्टर म्हणजे अख्ख्या प्रसंगाचा लांबचा शॉट घ्यायचा, दोन्ही बाजूंची सजेशन म्हणजे एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याचा चेहरा घ्यायचा, क्लोज घ्यायचे आणि घरातल्या अकरा माणसांच्या रिअ‍ॅक्शन घ्यायच्या, कारण एकीने कप फोडला की अकराही जण दचकायला हवेत. तिरप्या उन्हाचा पट्टा सुंदर दिसतो, पण तो एकाच बाजूने सुंदर दिसतो. कॅमेरा उलटा फिरवला की दिवे हलवावे लागतात, उजेड परतवणारा थर्माकोल हलवावा लागतो, उजेड अडवणारा कटर नव्याने लावावा लागतो. नटाने दोन पावलं जास्त टाकली की पट्टा नाकावरून कानावर जातो आणि रीटेक. वरून बटर पेपर लावून पसरवलेला उजेड मात्र सकाळी एकदा लावला की रात्रीपर्यंत चालतो. कुणी कुठेही उभं राहा, कॅमेरा कुठेही वळवा. त्या स्वयंपाकघरात सावली नाही, कारण सावलीला लागणारी पंधरा मिनिटं त्या दिवसात नाहीत.

आणि हे एक दिवस नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 पासून 2013 पर्यंत चालली, भाग तीन हजारांवर गेले. भागाला वीस मिनिटं धरली तरी साठ हजार मिनिटं होतात. हजार तास. पाचशे सिनेमे. नाव चार दिवसांचं! आवडनिवड बाजूला ठेवून सांगा, अकरा वर्षांत पाचशे सिनेमांएवढं चित्रण पुरवणाऱ्या विभागाला 'यांना येत नाही' म्हणणं याला काय म्हणायचं?

दुसरा आक्षेप याहून धारदार आहे. टीव्ही म्हणजे सपाटच असायला हवं, असं जर म्हणायचं असेल, तर टीव्हीवरच ज्यांनी सावल्या टिपल्या त्यांचं काय? जॉर्ज क्लेमेन्सने 'द ट्वायलाइट झोन'चे बरेचसे भाग टिपले. 1959 ते 1964 मधली ही मालिका, म्हणजे 'ल्युसी'नंतर फार काळ गेलेला नव्हता, पडदेही जवळपास तेच. तरी तिच्यात काळोख आहे, भीती आहे, अर्धवट उजळलेले चेहरे आहेत, आणि त्यासाठी त्याला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडचं उदाहरण तर छातीत रुतणारं आहे. व्ही. के. मूर्ती. म्हैसूरचे, बंगळूरच्या पॉलिटेक्निकमधून छायाचित्रण शिकून मुंबईत आले, सहायक म्हणून राबले आणि 'बाजी'च्या सेटवर गुरुदत्तांच्या नजरेत भरले. 1952 च्या 'जाल'पासून गुरुदत्तांचा कॅमेरा त्यांच्याकडे. 'प्यासा', 'साहिब बीबी और गुलाम'. 1959 चा 'कागज के फूल', भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा सिनेमा. त्यातल्या 'वक्त ने किया' गाण्यात वरून खाली उतरणारा तो प्रकाशाचा झोत त्यांनी दिव्याने केलेलाच नाही. बाहेरचं खरं ऊन एका आरशात पकडून दुसऱ्या आरशावर टाकलं आणि तिथून स्टुडिओत उतरवलं. 'फरक ओळखा'वाल्यांना जो पट्टा हवा असतो, त्याचा हा मूळ पुरुष.

हेच मूर्ती 1988 मध्ये दूरदर्शनसाठी काम करत होते. गोविंद निहलानींच्या 'तमस'मध्ये आणि श्याम बेनेगलांच्या 53 भागांच्या 'भारत एक खोज'मध्ये. निहलानी स्वतः एके काळी मूर्तींचे सहायक होते. गुरू शिष्यासाठी टीव्हीवर कॅमेरा धरायला आला, यात कुणालाच काही कमीपणा वाटला नाही. 'तमस' ज्यांनी तेव्हा पाहिली त्यांना विचारा, त्यांच्या आठवणीत पहिला येतो तो काळोखच, सुरुवातीच्या त्या कोंदट खोलीतला. मग आक्षेप घेणारे म्हणतात, बघा! टीव्ही होता, सरकारी होता, आणि तरीही जमलं. म्हणजे आजच्यांना जमत नाही.

पण हे उदाहरण त्यांच्या बाजूचं आहे की माझ्या? 'तमस' ही काही भागांची गोष्ट होती, तिचा शेवट लिहून तयार होता. 'भारत एक खोज' आठवड्यातून एकदा यायची. 'ट्वायलाइट झोन'ही साप्ताहिकच, दर भाग स्वतंत्र, समोर प्रेक्षक नाहीत, एका वेळी एक कॅमेरा. यांतल्या कुणालाही उद्या रात्री साडेसातला नवा भाग द्यायचा नव्हता, आणि परवा पुन्हा, आणि तेरवा पुन्हा. नव्वदीच्या दशकात मालिका रोजच्या झाल्या, 1999 मध्ये अल्फा मराठी आलं, पाठोपाठ इतर वाहिन्या आल्या, आणि मराठी घराला संध्याकाळचं रतीब सुरू झालं. दूध जसं रोज यावं तशी मालिका रोज यावी. त्या दोन काळांमध्ये माणसांचे डोळे बदलले नाहीत. बदलली ती प्रत्येक मिनिटामागची मिनिटं. उद्या मूर्तींनाच आणून मढ आयलंडच्या शूटिंगच्या बंगल्यात उभं केलं असतं आणि म्हटलं असतं, आजचे वीस मिनिटं फूटेज रात्री नऊपर्यंत हवं, तर त्यांनी आरसा काढला असता की बटर पेपर? फ्रॉइंडने काय काढलं ते आपण बघितलंच.

मूर्तींना 2008 चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. छायाचित्रकाराला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा सगळीकडे त्या झोताबद्दल छापून आलं, टीव्हीच्या कामाला फार तर एखादी ओळ. फ्रॉइंडचंही तेच झालं. सिनेमाचे अभ्यासक 1924 पाशी रेंगाळतात आणि 1951 वर येऊन जरा ओशाळतात, जणू म्हातारपणी घरच्यांना न सांगता केलेली नोकरी. मला तर उलट वाटतं. छातीला कॅमेरा बांधणं हा तरुण माणसाचा पराक्रम होता. आपल्याच हयातभराच्या सावल्या पुसून नव्या माध्यमाला हवं ते देणं, हा म्हाताऱ्याचा.

वेब सीरिजवाल्यांनाही थोडं सांगायला हवं. काळोख आला की कला आली, असा जो नवा समज झालाय तोही त्याच जुन्या चुकीची उलटी बाजू आहे. 2019 च्या एप्रिलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स'चा 'द लाँग नाइट' हा भाग आला. 55 रात्री जागून चित्रित केलेली लढाई, पैसा पाण्यासारखा ओतलेला. आणि जगभरचे प्रेक्षक ओरडले, काही दिसत नाहीये! छायाचित्रकार फेबियन वाग्नरने बचाव केला, की लोकांना घरचे टीव्ही नीट लावता येत नाहीत, उजेडात बसून बघतात. त्याचं चुकलं नव्हतंही. पण लोक घरी उजेडातच बसतात हो! आपल्याकडे तर ट्यूबलाइट लावून, समोर पोळपाट घेऊन, एक डोळा कुकरवर ठेवून बघतात. सिनेमागृहातला अंधार हा छायाचित्रकाराला फुकटात मिळालेला दिवा आहे. टीव्हीवाल्याला तो मिळत नाही, आणि तो न मिळाल्याचा विचार ज्याने केला नाही त्याने अर्धंच काम केलं. फ्रॉइंडने सेटबरोबर दिवाणखानाही डोळ्यापुढे ठेवला होता.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मी थोडा गप्प होतो. तो असा की, रोज सपाट लावून लावून हात सपाट होतो. वेळ नाही हे खरं, पण ज्या दिवशी वेळ असतो त्या दिवशी तरी काय करता? हे खरं आहे, मी पाहिलंय. शूटिंग लवकर आटोपलेल्या दिवशीही दिवे तसेच राहायचे, कारण हलवायची सवयच गेलेली. 'कंटिन्युइटी जाईल', म्हणजे आधीच्या शॉटशी मेळ बसणार नाही, हे कारण मी स्वतः अनेकदा पुढे केलंय, आणि त्यातल्या निम्म्या वेळा तो निव्वळ आळस होता. वाहिनीला झगमग हवी असते, साडीची जर दिसायला हवी असते, नायिका रडताना सुद्धा गोरी दिसायला हवी असते, आणि या मागण्यांना 'नाही' म्हणायची आमच्या धंद्याची सवय मोडलेली आहे. एवढा दोष घ्यायला हवा. पण बारा-चौदा तास उभ्या राहिलेल्या माणसाकडून उरलेल्या पंधरा मिनिटांत प्रयोगाची अपेक्षा करणं, हेही जरा तपासून बघा. दोन ऑस्कर मिळवलेला अमेरिकी छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत सौंदर्याबद्दल बोलत नव्हता, झोपेबद्दल बोलत होता. 1997 मध्ये एक सहायक कॅमेरामन 19 तासांचं काम संपवून घरी निघाला, गाडी चालवताना त्याचा डोळा लागला आणि तो गेला. तेव्हापासून वेक्सलर सांगत राहिला, बारा तास काम, बारा तास सुट्टी. तेही अमेरिकेत, जिथे संघटना बळकट आहेत. आपल्याकडे गोरेगावहून शेवटची लोकल पकडणाऱ्या लाइटमनचं काय, हा प्रश्न 'फरक ओळखा'च्या कुठल्याच चौकटीत बसत नाही.

तेव्हा मालिका वाईट दिसतात असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी आठवड्याला सहा भाग का लागतात ते विचारावं. तीनच भाग दिले तर वाहिनी बुडेल का, हे विचारावं. संवाद चित्रणाच्या सकाळी का येतात आणि आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांची बँक कधीच का साठत नाही, हे विचारावं. कॅमेरामनच्या नावाची पाटी पुढच्या कार्यक्रमाच्या जाहिरातीखाली चिरडून दोन सेकंदांत का संपते, हेही जमलं तर. हे प्रश्न विचारले जात नाहीत, कारण त्यांची उत्तरं पैशाकडे जातात, आणि आपल्यापैकी कुणी संध्याकाळी सातच्या मालिकेसाठी वेगळे पैसे मोजायला तयार नाही. वेब सीरिजसाठी मोजतो. मग उजवीकडच्या चित्रात तिरपं ऊन दिसतं याचं नवल ते काय?

माझ्या चार वर्षांत एकदाच आमच्या मालिकेत काळोख आला होता. सून घर सोडून गेलीय आणि आई दिवेलागणीला माजघरात एकटी बसलीय, असा प्रसंग. आमच्या डीओपींनी, म्हणजे मुख्य छायाचित्रकारांनी, वरचे सगळे दिवे बंद करायला लावले. एकच दिवा खिडकीबाहेर, देवघरातली निरांजनं, बाकी काही नाही. सेटवर सगळे एकदम हळू बोलायला लागले. दिग्दर्शकही गप्प. रात्री वाहिनीतून फोन आला की चेहरा दिसत नाही, पुन्हा घ्या. पण पुन्हा घ्यायला वेळ कुठे होता? बँकेत एकही भाग नव्हता, तो भाग दुसऱ्याच दिवशी जाणार होता. ज्या घाईने रोज उजेड सपाट केला, त्याच घाईने एक दिवस सावली वाचवली.

भाग गेला. साडेसातनंतर पाचच मिनिटांत माझ्या आत्याचा साताऱ्याहून फोन. मी मोठ्या आशेने उचलला. "काय रे," ती म्हणाली, "तुमच्याकडे लाइट गेले होते का?" दुसऱ्या दिवशी हे मी डीओपींना सांगितलं. ते खूप हसले, चहा संपवला आणि वर बघून लाइटमनला म्हणाले, "दादा, सगळे चालू करा."